नव्वदीच्या दमदार गाड्यांची ओढ (इंदूर)

साधारण १९८५ ते २००५ या वीस वर्षांत भारतातल्या रस्त्यांवर आलेल्या आणि त्या काळी वेगवान म्हणून नावाजलेल्या मोटारींविषयी इंदूरच्या मराठी घरांत, गॅरेजांत आणि कट्ट्यांवर आजही जो जिव्हाळा टिकून आहे, त्याविषयीची ही नोंद. बोलताना सगळे या काळाला सरसकट ‘नव्वदी’ म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द घेतला आहे. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा, मारुतीच्या झेन आणि एस्टीम, मित्सुबिशी लान्सर, पहिली होंडा सिटी, फोर्ड आयकॉन आणि फियाट पॅलिओची १.६ लिटरची आवृत्ती ही या गप्पांत हमखास येणारी नावे.

इतर शहरांत अशा गप्पा बहुधा ‘आमच्याकडे होती’ इथून सुरू होतात. इंदूरमध्ये त्या पुष्कळदा ‘तिचं इंजिन इथं बनायचं’ इथून सुरू होतात, आणि बोलणाऱ्याच्या घरी ती गाडी कधीच नसते. मालकांची आठवण आणि बनवणाऱ्यांची, पाहणाऱ्यांची आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंदूरमध्ये दुसरी जास्त खोल आहे, असे माझे मत आहे.

पूर्वपीठिका

पाहणाऱ्यांच्या आठवणींची सुरुवात होळकरांच्या काळापर्यंत मागे नेता येते. महाराज यशवंतराव होळकर दुसरे (१९०८–१९६१) यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग महाल बांधून घेतला, आणि त्याच १९३० च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजे ही गाडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली. नारिंगी आणि काळ्या रंगाची, आठ सिलिंडरांची, सुपरचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारे यंत्र) बसवलेली ही उघडी स्पीडस्टर होळकरांची गाडी म्हणून जगभरच्या जुन्या मोटारींच्या जाणकारांना ठाऊक आहे. कंपनी त्या इंजिनाची शक्ती ३२० अश्वशक्ती सांगत असे. भारतातल्या सामान्य ग्राहकाला शंभर अश्वशक्तीची गाडी मिळायला त्यानंतर साठ वर्षे जावी लागली. माणिकबागेत आता केंद्र सरकारचे कर खात्याचे कार्यालय आहे, पण तिथून जाताना नातवाला त्या गाडीची गोष्ट सांगणारे आजोबा अजून भेटतात. सांगणाऱ्याने गाडी पाहिलेली नसते. तरी तो ‘आपल्या महाराजांची’ असेच म्हणतो.

कॉन्टेसा आणि पिथमपूर

कॉन्टेसा १९८४ साली बाजारात आली. तिचा मूळ साचा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या व्हिक्टर मालिकेतल्या शेवटच्या गाडीचा. लांबलचक बॉनेट, पुढे चार गोल दिवे, ताकद मागच्या चाकांना. पण एवढ्या मोठ्या गाडीत सुरुवातीला बसवले होते ते अँबॅसॅडरचेच १४८९ सीसीचे इंजिन, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचे. दिसायला मल्ल, पण दमात कच्ची, अशी तिची पहिली वर्षे गेली.

तिला खरा दम दिला जपानच्या इसुझू कंपनीच्या इंजिनाने. १८१७ सीसी, ओव्हरहेड कॅम, ८८ अश्वशक्ती, जोडीला पाच गिअरचा गिअरबॉक्स. ही गाडी कॉन्टेसा क्लासिक म्हणून ओळखली गेली. गाडी बंगालमध्ये उत्तरपाड्याला जुळायची, पण हे इसुझू इंजिन आणि गिअरबॉक्स हिंदुस्थान मोटर्सने काढले ते इंदूरजवळच्या, धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला. ऐंशीच्या दशकात पिथमपूरच्या माळावर एकामागून एक वाहन कारखाने उभे राहिले. कायनेटिक होंडाची बिनगिअरची स्कूटर तिथली, बजाज टेम्पो आणि आयशरचे कारखाने तिथलेच. रोज पहाटे राजेंद्रनगर, राऊच्या बाजूने कारखान्यांच्या बसगाड्या माणसे भरून जायच्या.

आमच्या शेजारी राहणारे एक काका त्या इंजिनांच्या जुळणीवर होते. स्वतः आयुष्यभर स्कूटर चालवली. रस्त्यावरून कॉन्टेसा गेली की ते ओट्यावर बसल्या बसल्या मान तिरकी करून ऐकायचे. गाडी वळणाआड गेली की म्हणायचे, “टॅपेट वाजतोय रे हिचा. गॅप घ्यायला झालाय.” इसुझूच्या त्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट ठरावीक काळाने पातळ पत्त्या घालून मोजावी आणि स्क्रूने जुळवावी लागे. फट वाढली की शिवणयंत्रासारखी टकटक सुरू होते. आम्हा मुलांना त्यातले काही ऐकू यायचे नाही. काकांना मात्र गाडी कोणाची, कुठे निघाली याच्याशी घेणे नव्हते, त्यांना आपले इंजिन कसे आहे तेवढे कळून घ्यायचे असे. ते कॉन्टेसात बसले ते एकदाच, भाचीच्या लग्नात नवरदेवासाठी भाड्याने आणलेल्या, झेंडूच्या माळांनी झाकलेल्या गाडीत. बसण्याआधी त्यांनी ड्रायव्हरला बॉनेट उघडायला लावले. ब्लॉकवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले आणि मग मागच्या सीटवर जाऊन बसले. वरात त्यांच्यामुळे पाचेक मिनिटे थांबली होती, पण कोणी काही बोलले नाही.

पुढे हेच इंजिन अँबॅसॅडरमध्येही बसले आणि टॅक्सीवाल्यांनी ‘इसुझूवाली’ असे तिचे नावच पाडून टाकले. कॉन्टेसाचे उत्पादन २००२ च्या सुमारास थांबले. उत्तरपाड्याचा कारखानाही मे २०१४ मध्ये बंद झाला.

पेट्रोल कॉन्टेसा आज फार थोड्या उरल्या, त्याचे कारण तिची तहान. ‘ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नापुढे ती कधीच टिकली नाही. नव्वदीच्या शेवटी अनेक मालकांनी मूळ इंजिन काढून डिझेल बसवले, कुणी गॅस किट लावले. कंपनीनेही इसुझूचेच दोन लिटर डिझेल इंजिन देऊ केले होते. त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी कॉन्टेसा बाहेरून तीच असली तरी बॉनेटखाली पिथमपूरचे १.८ पेट्रोल असेलच असे नाही. जाणकार माणूस म्हणूनच रंग आणि क्रोम पाहण्याआधी इंजिन पाहतो.

हलक्या गाड्यांचा काळ

सरकारने १९९३ मध्ये मोटार उद्योग परवान्यातून मोकळा केला आणि पाच-सात वर्षांत चित्र पालटले. त्याच वर्षी आलेल्या झेनचे ९९३ सीसीचे ॲल्युमिनियम इंजिन पन्नास अश्वशक्तीचेच होते, पण गाडी इतकी हलकी की पिकअप पाहून लोक चकित होत. एस्टीम १९९४ मध्ये ६५ अश्वशक्तीची आली. पुढे कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) जाऊन इंधन-इंजेक्शन आले तेव्हा ती ८५ वर गेली. म्हणजे कॉन्टेसाच्या जवळपास तेवढीच ताकद, आणि ओढायला कितीतरी कमी वजन. ज्यांनी या दोन्ही गाड्या चालवल्या आहेत त्यांना हा फरक आकड्यांत समजावून सांगावा लागत नाही.

होंडा सिटी १९९८ मध्ये आली. तिचे दीड लिटर इंजिन शंभर अश्वशक्तीचे. नंतरच्या व्हीटेक आवृत्तीत ही ताकद १०६ झाली, आणि ती पूर्ण मिळायची इंजिन मिनिटाला ६८०० फेऱ्यांवर गेल्यावर. खालच्या फेऱ्यांत शांत असलेली ही गाडी वर गेल्यावर एकदम आवाज बदलते, आणि तो बदल ऐकण्यासाठी लोक गिअर मुद्दाम उशिरा टाकत. मित्सुबिशी लान्सर त्याच वर्षीची, तीही हिंदुस्थान मोटर्सनेच आणलेली. आयकॉन १९९९ ची, पॅलिओ २००१ ची. २००४ मध्ये आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचे टर्बो इंजिन १५० अश्वशक्तीचे होते, पण तिची किंमत पाहता इंदूरच्या मध्यमवर्गाने ती बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने घेतली.

आजची साधी स्विफ्टही ऐंशीच्या वर अश्वशक्ती देते. मग त्या गाड्या वेगवान का वाटत? टायर अरुंद, पत्रा पातळ, आवाज रोखणारे थर नावापुरते, आणि बऱ्याच गाड्यांत पॉवर स्टिअरिंगही नाही. रस्त्याचा खडा न् खडा हाताला कळे. सत्तरच्या वेगाला शंभरचा भास होई. हे मी उणेपण म्हणून सांगत नाही. गाडी काय करते आहे हे चालवणाऱ्याला सतत कळत राहणे ही मोठी गोष्ट होती, आणि नव्या गाड्यांनी ती काढून घेतली आहे.

या गाड्यांची परीक्षा व्हायची ती खंडवा रस्त्यावर. सिमरोल ओलांडले की भेरू घाट लागतो. चढ, वळण, समोरून खाली येणारे ट्रक. एसी बंद न करता गाडी तिसऱ्या गिअरवर वर जाते का, यावर गाडीची पत ठरे. झेन आणि एस्टीम इथे दुपटीने महागड्या गाड्यांना मागे टाकत. कॉन्टेसा चढाला चांगली, पण पावसात वळणावर पाय जपून ठेवावा लागे, कारण ताकद मागच्या चाकांना आणि त्यांच्यावर भार कमी. या घाटाने अनेक अपघातही पाहिले आहेत. त्या काळी सीटबेल्ट लावणारा विरळा आणि एअरबॅग ही गोष्टच ठाऊक नाही, हे विसरून त्या दिवसांचे गोडवे गाता येत नाहीत.

इंदूरच्या बोलीत अशा वेगाला ‘जन्नाट’ म्हणतात आणि मराठीत ‘भन्नाट’. इथल्या मराठी मुलांच्या तोंडी दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात.

जपणूक

आज या गाड्या जपणारे दोन प्रकारचे आहेत. एक, ज्यांच्या वडिलांची गाडी घरातच राहिली. दुसरे, ज्यांना लहानपणी ती मिळाली नाही आणि चाळिशीत आल्यावर ज्यांनी ती शोधून घेतली. दुसऱ्यांचे कष्ट जास्त. कॉन्टेसाच्या पुढच्या काचेपासून दाराच्या रबरापर्यंत बरेच काही नवे मिळत नाही. भंगारात निघालेल्या दुसऱ्या कॉन्टेसावरून ते काढून आणावे लागते. मारुतीच्या गाड्यांचे तसे नाही, त्यांचे यांत्रिक सुटे भाग अजून सहज मिळतात. कार्बोरेटर जुळवणारे मिस्त्री मात्र दोन्हींकडे कमी होत चालले आहेत. हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा सोडायचा, इंजिनाचा आवाज ऐकायचा, पुन्हा पाव फेरा कसायचा, हे काम संगणक जोडून होत नाही. थंडीच्या सकाळी चोक ओढून गाडी सुरू केली की तो केव्हा आत ढकलायचा, हेही कानानेच ठरते.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधले पडदे त्याने फुगतात, कडक होतात. शिवाय इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने ठरावीक जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) असलेल्या कार्बोरेटरचे मिश्रण पातळ पडते आणि इंजिन गरम होते. पाइप इथेनॉल सोसणारे घालणे आणि जेट किंचित मोठे बसवणे, हा त्यावरचा उपाय. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.

वेगाची हौस असलेल्यांसाठी पिथमपूरचे नाव २०२१ मध्ये पुन्हा चर्चेत आले. तिथल्या नॅट्रॅक्स या राष्ट्रीय वाहन-चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटर लांबीचा लंबवर्तुळाकार वेगवान मार्ग त्या वर्षी खुला झाला. त्याची वळणे इतकी कललेली आहेत की ताशी २५० किलोमीटरलाही स्टिअरिंग धरून ठेवावे लागत नाही. मार्ग कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, मन मानेल तेव्हा गाडी घेऊन जाण्यासाठी नाही. कॉन्टेसाचे इंजिन जिथे जुळायचे त्याच गावात तिला पोटभर पळता येईल असा रस्ता झाला, पण ती बंद पडल्यावर जवळपास वीस वर्षांनी. काकांनी पेपरातली ती बातमी कापून ठेवली होती.

कायद्याच्या दृष्टीने या गाड्या सध्या अधांतरी आहेत. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपयांवर गेले. विंटेज म्हणून वेगळी नोंदणी २०२१ च्या नियमांनुसार मिळते, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची हवी आणि तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. अगदी पहिली कॉन्टेसाही या अटीत २०३४ मध्ये बसेल, आणि इंजिन बदललेली बसेल की नाही हे तेव्हा तपासणाऱ्यावर अवलंबून राहील.