मॉडेलवरचा रंग सोलून का निघतो?

छोटी मॉडेलं रंगवणाऱ्यांत एक समज पक्का रुजलेला आहे: प्रायमर, म्हणजे रंगाआधी मारायचा अस्तराचा थर, हा नुसता करडा रंग, तो नसला तरी चालतं. चालत नाही. थेट प्लॅस्टिकवर ॲक्रिलिकचा, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगाचा, हात मारून बघा. तलवारीच्या धारेवरून, नाकाच्या शेंड्यावरून रंग मागे सरकतो, चिलखताच्या खाचेत साचतो आणि वाळल्यावर नखाने निघतो.

यात कुंचल्याचा दोष नाही. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात. पृष्ठभाग आक्रसून ठेवणारी ही ओढ म्हणजे पृष्ठताण. २५ अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. मॉडेलचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, मात्र निव्वळ कार्बन-हायड्रोजनचं, पाण्याने धरावं असं त्यात काही नाही. त्याची पृष्ठऊर्जा, म्हणजे घन पृष्ठभागाची तशीच ओढ, याच्या साधारण निम्मी. साहजिकच थेंब पसरत नाही, गोळा होतो. रंगात पृष्ठताण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, तरी ती पुरी पडत नाहीत. त्यात बोटांचं तेल किंवा साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं सिलिकॉन असेल तर बघायलाच नको.

म्हणून आधी साच्याच्या जोडरेषा पात्याच्या पाठीने खरवडायच्या, मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. पाणी कढत नको, बारीक भाले वाकतात.

आता खरी गंमत. स्प्रे प्रायमरमधला द्रावक, म्हणजे विरघळवणारा द्रव, पॉलिस्टायरीनचा अगदी वरचा थर फुगवतो. तिथल्या लांबलचक रेणूसाखळ्या सैल होतात आणि प्रायमरच्या साखळ्या त्यांच्यात शिरतात. द्रावक उडाला की गुंता तसाच गोठतो. दोन थरांमधली सीमाच पुसट झाल्यावर सोलणार काय? द्रावक जास्त झाला तर मात्र चेहऱ्याचे बारकावेही विरघळतात. ३डी प्रिंटच्या रेझिनमध्ये साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी जखडलेल्या असतात, त्यामुळे तिथे हा डाव फारसा चालत नाही.

वाळलेला प्रायमर त्यातल्या रंगाच्या भुकटीमुळे किंचित खरबरीत राहतो, तेही कामाचं. वेन्झेल या संशोधकाने १९३६ साली मांडलेल्या सूत्रानुसार खरबरीतपणा पृष्ठभागाचा मूळ स्वभाव वाढवतो: थेंबाचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, ९० अंशांच्या आत असेल तर तो आणखी घटतो, वर असेल तर आणखी वाढतो. म्हणजे तेलकट मॉडेल पॉलिश पेपरने घासून पाणी नीट पसरेलच असं नाही. उलट ते जास्तच गोळा होऊ शकतं.

हवा दमट असताना स्प्रे मारू नये. उडून जाणारा द्रावक पृष्ठभाग थंड करतो, त्यावर दव धरतं आणि थर पांढुरका पडतो. डबा फार लांब धरला तर थेंब वाटेतच सुकतात आणि मॉडेलवर रवाळ धूळ बसते. साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरून झरझर हात फिरवावा. पहिल्या हातात खालचं प्लॅस्टिक थोडं दिसत राहिलं तर राहू द्यावं, ते दुसऱ्या हातात झाकलं जातं.