दारं उघडणारी कॉलेजं आणि नकाराचा टक्का

बारावीनंतर मुलाला अमेरिकेत पाठवायचं ठरलं की पुण्यात काय, ठाण्यात काय, किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरात काय, एक तक्ता तयार होतो. कॉलेजचं नाव, फी, रँकिंग आणि शेवटच्या रकान्यात ‘ॲक्सेप्टन्स रेट’. मुंबईच्या झेवियर्सची पहिली यादी किती टक्क्यांना बंद झाली, हे विचारायची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. त्यामुळे हा आकडाही आपण कट-ऑफसारखाच वाचतो, फक्त उलट्या बाजूने: जितका कमी, तितकं कॉलेज भारी. पण कट-ऑफ निदान आत गेलेल्या शेवटच्या मुलाचे गुण तरी सांगतो. ॲक्सेप्टन्स रेट तेवढंही सांगत नाही. शंभर अर्जांपैकी किती जणांना होकार गेला, एवढंच त्यातून कळतं. ते अर्ज आले कुठून आणि ते गोळा करण्यासाठी कॉलेजने काय काय केलं, याचा त्यात पत्ताही नसतो.

अमेरिकेतल्या लहान कॅथलिक कॉलेजांच्या आणि विद्यापीठांच्या बाबतीत तर हा आकडा मला फार खटकतो. ज्यांना दुसरीकडे जागा नव्हती त्यांच्यासाठीच त्यातली बरीचशी सुरू झाली होती.

मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरचं होली क्रॉस कॉलेज घ्या. ते १८४३ मध्ये सुरू झालं. त्याच्या नऊच वर्षं आधी, ऑगस्ट १८३४ मध्ये, बॉस्टनजवळ चार्ल्सटाउनला जमावाने कॅथलिक जोगिणींचा (नन्सचा) मठ आणि त्यांची शाळा जाळून टाकली होती. आयर्लंडमधून आलेल्या गरीब कॅथलिकांबद्दल त्या राज्यात किती राग होता, हे त्यावरून कळतं. अशा ठिकाणी बिशप बेनेडिक्ट फेनविक यांनी टेकडीवर कॉलेज काढलं आणि ते जेझुइटांच्या, म्हणजे शिक्षणात मुरलेल्या एका कॅथलिक धर्मसंघाच्या, हाती दिलं. राज्याच्या विधिमंडळाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली थेट १८६५ मध्ये. म्हणून १८४९ साली पहिली तुकडी बाहेर पडली तेव्हा तिच्या पदव्या दूर वॉशिंग्टनमधल्या, जेझुइटांच्याच जॉर्जटाउन कॉलेजच्या नावाने द्याव्या लागल्या.

त्या तुकडीत पहिला आलेला विद्यार्थी होता जेम्स ऑगस्टीन हीली. वडील जॉर्जियातले आयरिश मळेवाले, आई त्याच मळ्यावरची गुलाम. जॉर्जियाच्या कायद्याने ही मुलंही गुलामच ठरत आणि त्यांना शिकवायला तिथे बंदी होती. वूस्टरच्या त्या नव्या, सनद नसलेल्या कॉलेजने जेम्सला आणि त्याच्या भावांना घेतलं. हाच जेम्स पुढे १८७५ मध्ये मेन राज्यात पोर्टलंडचा बिशप झाला. त्याचा भाऊ पॅट्रिक त्याच्या आदल्याच वर्षी जॉर्जटाउनचा अध्यक्ष झाला होता.

हे सांगताना दुसरी बाजू झाकून चालणार नाही. होली क्रॉसचे पहिले अध्यक्ष थॉमस मलेडी हे तेच धर्मगुरू, ज्यांनी १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइट मळ्यांवरची २७२ गुलाम माणसं विकली. त्यातला काही पैसा जॉर्जटाउनचं कर्ज फेडायला गेला. २०१६ मध्ये जॉर्जटाउनने या माणसांच्या वंशजांना प्रवेशात, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळतं तसं, झुकतं माप देण्याचं जाहीर केलं. प्रवेशाच्या दाराशी इतिहास असा अधूनमधून येऊन उभा राहतो.

प्रतिष्ठेची पहिली मोठी लढाई एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाली, आणि तीही प्रवेशाच्या यादीवरूनच. हार्वर्डच्या लॉ स्कूलने ठरवलं की अमुक कॉलेजांच्या पदवीधरांना परीक्षेशिवाय घ्यायचं. १८९३ मध्ये यादी निघाली तेव्हा तिच्यात एकही कॅथलिक कॉलेज नव्हतं. जॉर्जटाउनचे तेव्हाचे अध्यक्ष हॅवन्स रिचर्ड्स यांनी पत्र लिहिलं, मग काही नावं घातली गेली. पण पुढे होली क्रॉस आणि बॉस्टन कॉलेज या दोन जेझुइट कॉलेजांची नावं पुन्हा उडवली. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८९९ मध्ये ‘अटलांटिक’ मासिकात लिहिलं की जेझुइटांचा अभ्यासक्रम चारशे वर्षांत जवळजवळ बदललेलाच नाही. आता जेझुइट संघ स्थापन झाला १५४० मध्ये आणि त्यांची अभ्यासपद्धती पक्की झाली १५९९ मध्ये. म्हणजे साधी वजाबाकी केली तरी चारशे वर्षं भरत नव्हती. जेझुइट प्राध्यापक टिमोथी ब्रॉस्नहन यांनी मुद्देसूद उत्तर लिहिलं, पण त्या मासिकाने ते छापायला नकार दिला. शेवटी १९०० मध्ये ते एका कॅथलिक साप्ताहिकात आलं.

या वादात एलियट सर्वस्वी चुकत होते असं नाही. लॅटिन-ग्रीकवर उभा असलेला, सगळ्यांना एकच असा तो अभ्यासक्रम नव्या काळाला अपुरा पडत होता, आणि पुढे कॅथलिक कॉलेजांनी तो स्वतःच बदलला. पण बाहेरच्या कोणीतरी केलेल्या यादीत आपण आहोत की नाही यावर आपली किंमत ठरते, ही जखम तेव्हा झाली. नंतरच्या शंभर वर्षांत या कॉलेजांनी जे जे केलं, त्यातलं पुष्कळसं तिच्यामुळेच केलं असं मला वाटतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी खर्चाने शिकायला आलेल्या सैनिकांनी वर्ग भरले आणि काही वर्षं बरी गेली. खरी अडचण १९६० नंतर सुरू झाली. कॅथलिक कुटुंबं मध्यमवर्गात आली आणि त्यांच्या मुलांना हार्वर्ड-येलची दारं उघडली. दुसरीकडे, जवळजवळ बिनपगारी शिकवणारे धर्मगुरू आणि जोगिणी कमी होत गेल्या. त्यांच्या जागी पगारी प्राध्यापक नेमायचे म्हणजे पैसा हवा, आणि पैसा म्हणजे फी भरणारे विद्यार्थी.

बॉस्टन कॉलेज १९७२ च्या सुमाराला दिवाळखोरीच्या दारात होतं. तिथे प्रवेश विभागाची सूत्रं जॅक मॅग्वायर या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाकडे आली. चौकशी किती मुलांनी केली, त्यातल्या कितींनी अर्ज केला, कितींना होकार गेला, प्रत्यक्ष किती आले आणि शिष्यवृत्ती किती दिली की कोण येतं, हे सगळं त्याने आकडेवारीत बसवलं. या पद्धतीला ‘एन्रोलमेंट मॅनेजमेंट’ हे नाव पडलं. आज अमेरिकेतली बहुतेक खासगी कॉलेजं याच पद्धतीवर चालतात. कॉलेज वाचलं, ही मोठीच गोष्ट झाली. पण विद्यार्थी मिळवण्याचं हे शास्त्र उलट दिशेनेही वापरता येतं, हे पुढे सगळ्यांच्या लक्षात आलं.

ते कसं, ते आकड्यांत बघू. एका कॉलेजात हजार जागा आहेत, अर्ज दहा हजार. होकार मिळालेल्यांपैकी चौथा हिस्साच प्रत्यक्ष येतो, म्हणून चार हजारांना होकार द्यावा लागतो. ॲक्सेप्टन्स रेट ४० टक्के. आता पत्रकं पाठवून, अर्जाची फी माफ करून, निबंध काढून टाकून अर्ज वीस हजारांवर नेले. वर्गखोल्या त्याच, प्राध्यापक तेच, प्रयोगशाळाही तीच. रेट झाला २० टक्के. त्यातच ‘अर्ली डिसिजन’ ठेवलं, म्हणजे प्रवेश मिळाला तर येणारच अशी हमी देणाऱ्यांतून अर्ध्या जागा भरल्या, तर उरलेल्या पाचशे जागांसाठी दोन हजार होकार पुरतात. एकूण अडीच हजार. रेट साडेबारा टक्के! चाळिसावरून साडेबारावर येताना शिकवण्यात काडीचाही फरक पडलेला नसतो.

आणि हे करायला कारणही मिळालं. ‘यू.एस. न्यूज’ या साप्ताहिकाने १९८३ मध्ये कॉलेजांची पहिली क्रमवारी छापली. सुरुवातीला ती केवळ अध्यक्षांच्या मतांवर बेतलेली होती. मग आकडे आले आणि त्यांत ॲक्सेप्टन्स रेटही आला. त्याचं वजन फार नव्हतं आणि २०१८ मध्ये तो सूत्रातून काढूनही टाकला. पण तोवर तो लोकांच्या डोक्यात घर करून बसला होता, आणि पालकांच्या तक्त्यातला रकाना कोणी पुसला नाही.

याच बॉस्टन कॉलेजने एक वेगळी गोष्टही करून दाखवली, आणि तिचा मला मनापासून आदर वाटतो. २०१२-१३ च्या प्रवेशासाठी त्यांनी अर्जात एक जादा निबंध मागितला. ज्याला खरंच इथे यायचंय त्यानेच अर्ज करावा, हा हेतू. अर्ज जवळजवळ चतुर्थांशाने घटले: सुमारे ३४ हजारांवरून २५ हजारांच्या घरात. ॲक्सेप्टन्स रेट वर गेला. कागदावर कॉलेज ‘सोपं’ झालं, पण गळाले होते ते फक्त जाता जाता टाकलेले अर्ज.

खेळांचं प्रकरण निराळं. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचं गोंझागा हे १८८७ चं छोटं जेझुइट विद्यापीठ. १९९९ मध्ये त्याचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत पोचला आणि देशभर नाव झालं. अर्ज वाढले तेव्हा गोंझागाने नकार वाढवण्यापेक्षा वर्ग वाढवले, वसतिगृहं बांधली. २०१७ आणि २०२१ मध्ये संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, तरीही तिथे दहातल्या साधारण सात-आठ अर्जदारांना आजही होकार मिळतो. नाव मोठं आणि दार उघडं, असं दोन्ही एकत्र राहू शकतं याचा हा पुरावा आहे. आपल्या तक्त्यात मात्र हे विद्यापीठ ‘सेफ्टी’च्या, म्हणजे हमखास मिळेल अशा कॉलेजांच्या, खाली ढकललं जातं.

फिलाडेल्फियाजवळचं व्हिलानोव्हा दुसऱ्या वाटेने गेलं. ऑगस्टिनियन या दुसऱ्या एका कॅथलिक धर्मसंघाने १८४२ मध्ये काढलेलं हे विद्यापीठ २०१६ आणि २०१८ मध्ये बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतं ठरलं. अर्जांचा पूर आला आणि काही वर्षांत होकारांचं प्रमाण चाळिशीच्या वरून पंचविशीच्या आसपास उतरलं. मे २०२५ मध्ये चौदावे लिओ पोप झाले. ते इथलेच, १९७७ चे गणिताचे पदवीधर. एवढं नाव या विद्यापीठाला आधी कधीच मिळालं नव्हतं.

व्हिलानोव्हापासून दोनेक मैलांवर काब्रीनी विद्यापीठ होतं. १९५७ मध्ये ते जोगिणींनी सुरू केलं, इटलीहून आलेल्या स्थलांतरितांसाठी अमेरिकाभर शाळा, अनाथालयं आणि दवाखाने उभारणाऱ्या संत फ्रान्सिस काब्रीनी यांच्या नावाने. घरात पहिल्यांदाच कॉलेज बघणारी मुलं तिथे बरीच असत आणि अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांना प्रवेश मिळे. विद्यार्थी घटत गेले, तूट वाढत गेली. जून २०२३ मध्ये बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात शेवटची तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली. आवार व्हिलानोव्हाने घेतलं. त्या जागेला काब्रीनींचंच नाव ठेवायचं असं ठरलं आहे.