मिस्सा आणि फादर नसतानाची रविवारची प्रार्थना: सारख्या दिसतात, तरी एक नाहीत

अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर, राहाता, राहुरी, संगमनेर या भागात कॅथोलिक कुटुंबं गावोगाव विखुरलेली आहेत. हा भाग नाशिक धर्मप्रांतात, म्हणजे नाशिकच्या बिशपांच्या देखरेखीखालच्या प्रदेशात मोडतो. तो धर्मप्रांत 1987 साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. मुख्य चर्च एका ठिकाणी असतं, फादर आणि सिस्टर तिथंच राहतात. त्या धर्मग्रामात, म्हणजे त्या मुख्य चर्चच्या हद्दीत मोडणारी बाकीची गावं आणि वस्त्या उसाच्या रानांतून दूरवर पसरलेल्या असतात. कुठं छोटं चॅपल आहे, कुठं पत्र्याची एक खोली, कुठं कुणाच्या ओट्यावरच सतरंजी अंथरली जाते. फादर एक, फार तर दोन. त्यामुळं या गावांत रविवार दोन तऱ्हांनी साजरा होतो. फादर आले तर मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याची कॅथोलिकांची मुख्य उपासना होते. नाही आले तर कॅटेकिस्ट मास्तर (गावात धर्मशिक्षण देणारे) किंवा एखादी सिस्टर लोकांना जमवून प्रभुशब्दाचा विधी, म्हणजे बायबलवाचनाची प्रार्थना (शब्दविधी) घेतात आणि बिशपांनी ज्यांना नेमलं आहे ते शेवटी ख्रिस्तप्रसादही (मिस्सेत अर्पण झालेली भाकर) देतात.

मागं बसून पाहणाऱ्याला या दोन्हींत फरक कळणं कठीण. पेटी-तबला तोच, गाणी तीच. वाचनंही तीच, कारण रविवारच्या वाचनांचा तीन वर्षांचा क्रम साऱ्या रोमन कॅथोलिक चर्चसाठी ठरलेला आहे आणि रोममध्ये ज्या रविवारी जे शुभवर्तमान वाचतात तेच हरेगावच्या शिवारातही वाचलं जातं. ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना तीच, शांततेचा नमस्कार तोच, ओळीनं पुढं जाऊन ख्रिस्तप्रसाद घेणंही तेच. वेळही जवळपास तितकाच लागतो. म्हणून ‘आज मास्तरांनी मिस्सा घेतली’ असं लोक सहज बोलून जातात. चूक त्यांची नाही, दिसतं तसंच. पण या दोन गोष्टी मुळातून वेगळ्या आहेत आणि हा फरक गावातल्या माणसाला स्वच्छ ठाऊक असायला हवा असं मला मनापासून वाटतं. तो कळला नाही तर मिस्सेची भूक मरते, नाहीतर मास्तरांच्या प्रार्थनेला लोक दुय्यम समजून घरी बसतात. दोन्हींत नुकसान गावाचंच.

फरक पाहायचा तर एकाच जागी नजर ठेवावी. श्रद्धांगीकार (श्रद्धेची कबुली) झाला, लोकांच्या विनंत्या झाल्या आणि ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ अजून सुरू व्हायची आहे, तो मधला भाग.

मिस्सेत या वेळी गव्हाच्या बेखमीर पातळ भाकरी आणि द्राक्षारस वेदीवर आणले जातात. फादर द्राक्षारसात पाण्याचे एक-दोन थेंब घालतात, हात धुतात आणि मोठी आभारप्रार्थना सुरू करतात. लोक ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ गातात आणि गुडघ्यांवर येतात. फादर दोन्ही तळहात भाकरीवर आणि प्याल्यावर पसरून पवित्र आत्म्याला बोलावतात, मग शेवटच्या भोजनातले येशूचे शब्द उच्चारतात: ‘हे माझे शरीर आहे.’ घंटी वाजते, भाकर उंच धरली जाते, मग प्याला. कॅथोलिक श्रद्धेनुसार भाकर आणि द्राक्षारस इथं ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात आणि क्रुसावरचं त्याचं बलिदान वेदीवर उपस्थित होतं. अख्ख्या मिस्सेचा गाभा या आभारप्रार्थनेत आहे आणि ती म्हणण्याचा अधिकार फक्त दीक्षा झालेल्या धर्मगुरूला आणि बिशपांना आहे. मास्तर कितीही विद्वान असोत, सिस्टर कितीही पवित्र असोत, त्यांना ती म्हणता येत नाही. डीकनलाही (धर्मगुरूच्या खालची दीक्षा झालेल्या सेवकालाही) नाही. डीकन बाप्तिस्मा देऊ शकतो, लग्न लावू शकतो, प्रवचन करू शकतो, पण मिस्सा करू शकत नाही.

शब्दविधीत ही मधली जागा रिकामी राहते. तिथं एखादं स्तोत्र किंवा आभाराचं गीत म्हणतात, पण ते आभारप्रार्थनेसारखं वाटणार नाही याची काळजी घ्यायची असते. द्राक्षारसाचा प्याला नसतो, भाकरीचं अर्पण नसतं, घंटी नसते. दानाची थाळी फिरू शकते, तेवढंच. मग मास्तर सोनेरी मुलाम्याची एक छोटी गोल डबी वेदीवर आणतात. खाली पांढरं स्वच्छ कापड, बाजूला पेटलेली मेणबत्ती. डबीतला ख्रिस्तप्रसाद आदल्या कुठल्यातरी मिस्सेतला असतो, बहुधा त्याच सकाळी किंवा आदल्या दिवशी मुख्य चर्चमध्ये झालेल्या मिस्सेतला. इथं काही नवं घडवलं जात नाही. तिकडं घडलेलं इथवर पोचवलं जातं.

हे पटायला जड जात असेल तर पवित्र शुक्रवार (गुड फ्रायडे) आठवावा. त्या दिवशी जगात कुठंच मिस्सा होत नाही, अगदी पोप महोदयसुद्धा करत नाहीत. वाचनं होतात, दुःखसहनाचं शुभवर्तमान होतं, क्रुसाचं वंदन होतं आणि शेवटी ख्रिस्तप्रसाद मिळतो, तो आदल्या रात्रीच्या, म्हणजे पवित्र गुरुवारच्या मिस्सेत अर्पण झालेला. समोर फादर उभे आहेत, ख्रिस्तप्रसाद मिळाला आहे, तरी ती मिस्सा नव्हे. म्हणजे फादर आहेत की नाहीत आणि ख्रिस्तप्रसाद मिळाला की नाही, या दोन्ही खुणा अपुऱ्या आहेत. आभारप्रार्थना झाली का, एवढंच विचारावं.

प्रसाद आदल्या मिस्सेतला म्हणून तो कमी प्रतीचा, असं मात्र कुणी समजू नये. चर्चची शिकवण स्पष्ट आहे: ख्रिस्त तोच आणि तितकाच. गैरहजर असलेल्यांपर्यंत तो पोचवणं ही रीतही फार जुनी. इ.स. 155 च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन यांनी ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या मेळ्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडं डीकन ख्रिस्तप्रसाद घेऊन जातात, असं त्यात नोंदलेलं आहे. आजही आजारी म्हाताऱ्यांकडं सिस्टर जी डबी घेऊन जातात ती याच परंपरेतली.

धर्मगुरूवाचून काय चालतं आणि काय चालत नाही, याचा मोठा दाखला जपानचा आहे. 1614 मध्ये तिथं ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि 1644 मध्ये देशात उरलेल्या शेवटच्या धर्मगुरूला मारण्यात आलं. त्यानंतर दोन शतकांहून जास्त काळ नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांनी चोरून श्रद्धा जपली. गावातली माणसंच मुलांना बाप्तिस्मा देत, प्रार्थना पाठ करून पुढच्या पिढीला देत, सणांचं पंचांग सांभाळत. बाप्तिस्मा चालू राहिला, कारण गरजेच्या वेळी तो कुणीही देऊ शकतो. मिस्सा मात्र थांबली ती थांबलीच. 17 मार्च 1865 रोजी उराकामी गावची माणसं नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये आली आणि तिथल्या फ्रेंच फादरांना, बर्नार्ड पेटिजाँ यांना, त्यांनी हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे. एवढी श्रद्धा असूनही आपल्यापैकी एकाला उभं करून ‘आता तू मिस्सा कर’ असं त्यांनी ठरवलं नाही. वाट पाहिली. ही गोष्ट वाचताना माझा ऊर दरवेळी भरून येतो.

आपल्याकडं प्रश्न बंदीचा नाही, अंतराचा आणि संख्येचा आहे. चर्चच्या 1983 च्या कायद्याप्रमाणं धर्मगुरूनं एरवी दिवसाला एकच मिस्सा करायची असते. पुरेसं कारण असेल तर बिशप दोनची परवानगी देऊ शकतात आणि रविवारी किंवा बंधनकारक सणाला अगदी गरज असेल तर तीन. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, तिचा थोडा आधार होतो. तरीही एका फादरांकडं दहा-बारा गावं असली तर गणित जमत नाही. त्यात एक पाहुणे फादर आजारी, एक रस्ता पावसानं बंद. ॲमेझॉनच्या जंगलात तर परिस्थिती फार बिकट आहे. 2019 साली रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या सभेच्या अंतिम दस्तऐवजात लिहिलं आहे की तिथल्या काही समाजांना महिनोन्‌महिने, कधी कधी काही वर्षं मिस्सा मिळत नाही.

म्हणूनच 2 जून 1988 रोजी व्हॅटिकननं फादर नसतानाच्या रविवारच्या विधीसाठी एक मार्गदर्शिका काढली. तिच्यातला पहिला आग्रह असा की जवळच्या गावी मिस्सा असेल आणि जाणं जमण्यासारखं असेल तर लोकांनी तिकडं जावं. दुसरा असा की ज्या ठिकाणी त्या रविवारी मिस्सा झाली आहे किंवा व्हायची आहे, किंवा आदल्या संध्याकाळी झाली आहे, तिथं हा विधी ठेवू नये. सोयीसाठी मिस्सेच्या जागी तो वापरायचा नाही, हा त्यामागचा विचार. आणि जिथं जाणं खरोखरच शक्य नाही तिथं रविवारची मिस्सा चुकल्याचं पाप लागत नाही. कायदा अशा लोकांना शब्दविधीला यावं किंवा घरी कुटुंबासह प्रार्थना करावी, अशी कळकळीची सूचना करतो. कित्येक आज्या मिस्सा चुकली म्हणून उगाच मन खात बसतात, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

विधी चालवणाऱ्याचं वागणंही या फरकानुसार ठरतं. मास्तर फादरांच्या खुर्चीवर बसत नाहीत. ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ हे अभिवादन ते करत नाहीत, शेवटी लोकांवर हात उचलून क्रुसाची खूण करत नाहीत. ‘प्रभू आपणांस आशीर्वाद देवो’ असं म्हणून लोकांबरोबर स्वतःवर खूण करतात. ‘तुम्हांला’ नाही, ‘आपणांस’, म्हणजे स्वतःसकट सगळ्यांना: ते लोकांतलेच एक म्हणून उभे असतात. शुभवर्तमानानंतरचं प्रवचन धर्मगुरू आणि डीकन यांच्याकडं राखलेलं आहे, पण फादरांनी लिहून दिलेलं मनन मास्तर वाचू शकतात किंवा परवानगीनं चार शब्द स्वतः बोलू शकतात. चांगले मास्तर हे इतकं सहज सांभाळतात की कुणाला जाणवतही नाही.

रोजच्या व्यवहारात सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मृतांच्या मिस्सेवरून. वडिलांच्या वर्षदिनाला मिस्सा सांगायची, पाकीट द्यायचं, ही आपली रीत. फादर ते स्वीकारतात तेव्हा एक मिस्सा त्या हेतूनं अर्पण करणं त्यांच्यावर बंधनकारक होतं. नेमक्या त्या रविवारी फादर आले नाहीत आणि मास्तरांनी शब्दविधी घेतला, तर ती मिस्सा झालेली नसते. मास्तर विनंत्यांमध्ये वडिलांचं नाव जरूर घेऊ शकतात आणि गावानं मिळून केलेली ती प्रार्थना मोलाचीच आहे. पण मिस्सेचं पाकीट मास्तरांच्या हाती ‘आजच्यासाठी’ म्हणून द्यायचं नसतं. ते मुख्य चर्चला पोचवावं, फादर दुसऱ्या एखाद्या दिवशी मिस्सा करतील. तारीख चुकली म्हणून मृतात्म्याचं काही कमी होत नाही.

उरलेल्या आठवड्यात हा प्रश्नच फारसा येत नाही. बुधवारची नोव्हेना, उपवासकाळातल्या शुक्रवारची क्रुसाची वाट, मे आणि ऑक्टोबरमध्ये घरोघर फिरणारी जपमाळ, या भक्ती फादरांशिवायही पूर्ण आहेत. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं कोपीत कंदील लावून माळ म्हणतात, तिला कशाचीही उणीव नाही. फादर आठवड्यात मधल्याच एखाद्या संध्याकाळी वस्तीवर येऊन मिस्सा करतात तीही पुरी मिस्सा असते. ती रविवारची नसते एवढंच. ज्या गावाला रविवार मिळत नाही त्यानं ती मंगळवारची मिस्सा सोडू नये. बाजारचा दिवस असला तरी.

आणि गावानं फादरांकडं एक मागणी हक्कानं करावी: महिन्यातला एक रविवार आमचा ठरवून द्या, बाकीचे मास्तर सांभाळतील. तारीख ठरलेली असली की लोक येतात, पाहुणे येतात, कबुलीजबाबही त्याच दिवशी होतात. चॅपलमध्ये ख्रिस्तप्रसाद कायम ठेवायचा असेल तर शक्यतो महिन्यातून दोनदा तरी तिथं मिस्सा व्हायला हवी, असं कायदाच सांगतो. तेवढं जमत नसेल तर टॅबरनॅकल (ख्रिस्तप्रसाद ठेवायची कुलूपबंद पेटी) बसवण्याची घाई करू नये. दर रविवारी सकाळी कुणीतरी मोटरसायकलवरून मुख्य चर्चला जाऊन यावं आणि तिथल्या मिस्सेतूनच ती डबी घेऊन यावी.