इंदूरमध्ये डाउन सिंड्रोमच्या बाळाचं दिव्यांग प्रमाणपत्र: अर्ज कधी, कुठे आणि कोणत्या कागदांवर

कॅरिओटाइपच्या, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीच्या, रिपोर्टवर 'ट्रायसोमी २१', म्हणजेच डाउन सिंड्रोम, आलं की घरातलं कुणीतरी, बहुधा आत्या किंवा मामा, लगेच सुचवतं, "दिव्यांगचं सर्टिफिकेट काढून टाका, पुढे सगळीकडे लागतं." सल्ला बरोबर आहे, फक्त बाळ तीन-चार महिन्यांचं असेल तर तो वेळेआधी आलाय. बौद्धिक अक्षमतेच्या सदरात प्रमाणपत्र मिळण्यासाठी मुलाचं एक वर्ष पूर्ण झालेलं असावं लागतं. त्याआधी गेलात तर परत पाठवतील, आणि त्यात कुणाचा आडमुठेपणा नाही, केंद्राचे मूल्यांकनाचे नियमच तसे आहेत.

यामागचं कारण समजून घेतलं की पुढची सगळी प्रक्रिया सोपी वाटते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात अक्षमतेचे २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे आनुवंशिक आजार त्यात नावानिशी आहेत. डाउन सिंड्रोम मात्र नाही. म्हणजे आपल्या बाळाला प्रमाणपत्र मिळतं ते गुणसूत्र जास्त आहे म्हणून नाही, त्यामुळे वाढीत जो फरक पडतो तो मोजून. आणि तीन महिन्यांच्या बाळात मोजणार काय? एक ते पाच वर्षांपर्यंत कागदावर 'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले', म्हणजे सर्वांगीण विकासातला विलंब, असं निदान लिहितात. 'बौद्धिक अक्षमता' हे निदान पाच वर्षांनंतर.

पहिलं वर्ष वाया घालवू नका

थेरपीला प्रमाणपत्र लागत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि त्यात तपासायच्या जन्मजात दोषांमध्ये डाउन सिंड्रोम आहे. त्याच कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, जिथे फिजिओथेरपी, बोलण्याची थेरपी, डोळे-कान तपासणं असं सगळं एका छताखाली व्हावं अशी कल्पना आहे. आपल्या इंदूरच्या मराठी घरांची गंमत अशी की बाळंतपण खाजगी नर्सिंग होममध्ये झालेलं, अंगणवाडीची पायरी कधी चढलेली नाही, त्यामुळे रामबाग-लोकमान्य नगरातल्या कित्येक घरांना हे केंद्र असतं हेच माहीत नसतं. वॉर्डातल्या अंगणवाडी ताईंना गाठा किंवा सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागातून चिठ्ठी घ्या.

हृदयाची इको अजून झाली नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून ती आधी करा. डाउन सिंड्रोमच्या साधारण निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. ऑपरेशन सांगितलं तर मध्य प्रदेशची मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजना आहे. तिची चौकशी जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात होते. थायरॉइड आणि कानांची बेरा तपासणी याच वर्षात उरकून घ्या. हे सगळे रिपोर्ट पुढे प्रमाणपत्रासाठी तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर कामाला येतात.

कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

लागतात ती कागदपत्रं फार नाहीत. बाळाचा जन्मदाखला, बाळाचं आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांसाठीचा ओळख क्रमांक), पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतला फोटो, आईवडिलांपैकी एकाचं आधार आणि त्याच्याशी जोडलेला मोबाइल. वैद्यकीय कागदांत कॅरिओटाइपचा रिपोर्ट, इको, बेरा, थेरपीचे पर्चे. अर्जाला फी नाही.

अडतं ते नावात. जन्मदाखला बारशाआधीच निघालेला असतो आणि त्यात नावाच्या जागी 'बेबी ऑफ अमुक' किंवा कोरी जागा असते. नाव बारा महिन्यांच्या आत घातलं तर विलंब शुल्क लागत नाही, म्हणून ते काम पुढे ढकलू नका. दुसरं, आपण मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही लिहितो, तर इथला ऑपरेटर सवयीने मधलं नाव गाळतो. तिसरं म्हणजे 'ळ'. जन्मदाखल्यावर काळे, समग्रमध्ये काले, आधारावर तिसरंच काहीतरी, असं झालं की ई-केवायसी, म्हणजे आधारवरून होणारी ओळखीची पडताळणी, जुळत नाही आणि अर्ज तिथेच अडकतो. एकच रूप ठरवा आणि तिन्ही ठिकाणी अक्षरन् अक्षर तेच ठेवा. माझं मत विचाराल तर आधी जन्मदाखला दुरुस्त करा, त्यावरून आधार, मग समग्र. उलट्या क्रमाने गेलं की एकच काम दोनदा करावं लागतं.

पाच वर्षांखालच्या बाळाचं आधार निळं असतं. त्याला बोटांचे ठसे लागत नाहीत, ते आईच्या किंवा वडिलांच्या आधाराशी जोडलं जातं. समग्रमध्ये बाळाचं नाव चढवायला नगर निगमच्या झोन कार्यालयात जन्मदाखला घेऊन जायचं.

अर्ज

अर्ज यूडीआयडी म्हणजे स्वावलंबन कार्डाच्या (दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्राच्या) पोर्टलवरच करायचा. घरून करा किंवा एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर, पण कियोस्कवर गेलात तर स्क्रीनकडे स्वतः बघत बसा. पालक म्हणून कुणाचं नाव पडतंय, मोबाइल आपलाच आहे ना, आणि अक्षमतेच्या प्रकारात 'बौद्धिक अक्षमता' निवडली आहे ना, एवढं पाहा. रुग्णालय निवडताना राहत्या जिल्ह्यातलं निवडता येतं किंवा जिथे उपचार चालू आहेत त्या जिल्ह्यातलं. नोंदणी क्रमांक आला की लगेच फोटो काढून ठेवा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले. प्रमाणपत्र द्यायला पूर्वी महिन्याची मुदत होती, आता तीन महिने आहेत. आणि आपल्याच बाजूने तपासणी राहून दोन वर्षं उलटली तर अर्ज बाद होतो, नव्याने भरावा लागतो. बाळ आजारी पडतं, तारीख हुकते, हे होणारच. हुकलेली तारीख मागून घ्या, एवढंच.

तीन महिने होऊनही हालचाल दिसली नाही तर १८१ या सीएम हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, किंवा मंगळवारी मोती तबेल्यात कलेक्टर कार्यालयाच्या जनसुनवाईत (तिथे लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात) लेखी अर्ज द्या.

बोर्डाचा दिवस

बालरोगतज्ज्ञ तपासतात आणि मानसशास्त्रज्ञ व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केलवर, इथे सगळे त्याला व्हीएसएमएस म्हणतात, गुण काढतात. ही परीक्षा बाळाची कमी आणि आईवडिलांची जास्त. प्रश्न अगदी घरगुती असतात. आधाराशिवाय बसतो का? पेल्यातून पाणी पितो का? नावाने हाक मारली की वळतो का? आणि इथेच आजी पुढे सरसावते, "अहो, सगळं करतो! परवा एकट्याने वाटी धरून वरणभात खाल्ला." परवा एकदा खाल्ला हे खरंच, पण रोज खातो का, हा प्रश्न आहे. एकदा केलेलं आणि रोज करत असलेलं यातला फरक नीट सांगा. वाढवून सांगू नका, तसंच अक्षमतेचे टक्के जास्त पडावेत म्हणून कमीही सांगू नका. थेरपीचे कागद समोरच असतात, विसंगती लगेच दिसते.

दुसरी गोष्ट भाषेची. समोरून "बेटा, इधर आओ" म्हटलं जातं आणि दीड वर्षाचं मूल ढिम्म. त्याने आयुष्यभर 'इकडे ये' ऐकलंय! घरात मराठी बोलतो हे सुरुवातीलाच सांगा आणि हाक मारायची, वस्तू मागायची वेळ आली की तुम्हीच आपल्या भाषेत बोला. डॉक्टर मंडळी खुशाल बोलू देतात. मूल झोपेतून उठून, खाऊन आलेलं असेल अशी वेळ साधा, रांगेत दुपार झाली तर त्याचं रडणंच मोजलं जाईल.

या गुणांवरून अक्षमतेचे टक्के ठरतात. ५५ ते ६९ गुणांना ५० टक्के, ३६ ते ५४ ला ७५ टक्के, त्याखाली ९० आणि १०० टक्के. ७० ते ८४ गुण आले तर २५ टक्केच मिळतात, आणि बहुतेक सवलतींची रेषा ४० टक्क्यांवर आहे. कार्डाचा रंग त्यावरूनच ठरतो: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० पासून निळं. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, आणि मुलाच्या वतीने आईवडीलच ते करू शकतात.

कार्ड आल्यावर

तारीख पाहा. पाच वर्षांखालचं प्रमाणपत्र तात्पुरतं असतं, जास्तीत जास्त तीन वर्षं किंवा पाचव्या वाढदिवसापर्यंत, जे आधी येईल ते. दीड वर्षाच्या मुलाचं कार्ड साडेचारला संपतं. त्यानंतर नूतनीकरण पाच, दहा आणि अठराव्या वर्षी. अठराव्या वर्षी मिळालेलं आयुष्यभर चालतं.

निरामय आरोग्य विमा आधी काढा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची ही योजना एक लाखापर्यंत खर्च देते, त्यात ओपीडी आणि थेरपीही येते, आणि विम्याआधी कुठलीही तपासणी नाही. डाउन सिंड्रोम म्हटलं की खाजगी विमा कंपन्या कशा हात आखडतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या शेवटच्या वाक्याची किंमत कळेल. पहिल्या वर्षी ५०० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २५०. अर्ज ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत जातो. विम्याचं वर्ष मार्चअखेर संपतं, त्याआधी नूतनीकरण करा.

नोकरदारांसाठी दोन गोष्टी. आयकरात दिव्यांग आश्रितासाठीची वजावट (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०डीडी) ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपये, ८० पासून १,२५,०००, मात्र जुन्या करप्रणालीतच. आणि केंद्र सरकारी नोकरीतल्या आईला बालसंगोपन रजेसाठी मुलाच्या वयाची अट ४० टक्क्यांपुढे उरत नाही.

रेल्वेत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला आणि सोबतच्या एकाला स्लीपर व थर्ड एसीत ७५ टक्के सवलत आहे, फर्स्ट आणि सेकंड एसीत ५०. त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं, नुसतं यूडीआयडी दाखवून तिकीट स्वस्त होत नाही. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरकडे वरचेवर जाणं असेल तर ते कार्डाच्या पाठोपाठच काढून घ्या.