थोरबेके : १८४८ च्या डच राज्यघटनेची पार्श्वभूमी

नेदरलँड्सचा राजा विल्यम दुसरा मार्च १८४८ मध्ये एका रात्रीत सनातन्याचा उदारमतवादी झाला, असं सांगतात. फेब्रुवारीत फ्रान्सच्या राजाला गादी सोडावी लागली, जर्मन राज्यांत उठाव झाले आणि डच राजा धास्तावला, हे खरंच. पण घटनेत नेमका काय बदल करायचा, हे त्या रात्री ठरलं नव्हतं. त्याची मांडणी योहान रुडॉल्फ थोरबेके या प्राध्यापकाने, पुढे मंत्रिमंडळाचं नेतृत्व केलेल्या उदारमतवादी नेत्याने, आधीच करून ठेवली होती.

थोरबेके यांचा जन्म १७९८ चा, झ्वोले गावातला. घर लुथरनपंथीय, आर्थिक ओढगस्तीचं. आजच्या बेल्जियममधल्या गेंटमध्ये प्राध्यापक असताना १८३० साली बेल्जियम नेदरलँड्सपासून फुटून निघालं, ती नोकरी गेली आणि पुढच्या वर्षी ते लायडन विद्यापीठात आले. १८३९ मध्ये त्यांनी राज्यघटनेवर कलमवार टिपणं प्रसिद्ध केली. तेव्हा कनिष्ठ सभागृह प्रांतिक सभा निवडत, वरिष्ठ सभागृहातले लोक राजा तहहयात नेमे. सामान्य करदात्याला थेट आवाज नव्हता. पुढच्या आवृत्तीत त्यांची टीका आणखी धारदार झाली.

१८४४ मध्ये ते कनिष्ठ सभागृहात गेले आणि आणखी आठ सदस्यांसह घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मांडला. १८४५ मध्ये तो फेटाळला गेला, त्यांची जागाही गेली. माझ्या मते ही हार त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत महत्त्वाची घटना आहे. १७ मार्च १८४८ ला राजाने समिती नेमली आणि थोरबेके तिचे अध्यक्ष झाले, तेव्हा महिन्याभरातच अहवाल तयार झाला. इतक्या थोड्या दिवसांत ते जमलं, कारण विचार आधीच झालेला होता.

नवी घटना ३ नोव्हेंबर १८४८ ला जाहीर झाली. कारभाराचा जाब आता मंत्र्यांनी संसदेला द्यायचा होता. कनिष्ठ सभागृह, प्रांतिक सभा आणि नगरपालिका थेट मतदानाने निवडल्या जाणार होत्या. विधेयकात दुरुस्ती सुचवण्याचा आणि सरकारी कामाची चौकशी करण्याचा हक्क सभागृहाला मिळाला. मत मात्र ठिकाणानुसार २० ते १६० गिल्डर (तेव्हाचं डच चलन) प्रत्यक्ष कर भरणाऱ्यांनाच होतं.

मंत्रिपद त्यांना लगेच मिळालं नाही. राजांना हा माणूस मुळीच आवडत नसे. नोव्हेंबर १८४९ मध्ये, विल्यम तिसऱ्याच्या काळात, त्यांचं पहिलं मंत्रिमंडळ आलं. १८५० चे निवडणूक आणि प्रांत कायदे, १८५१ चा नगरपालिका कायदा, ही त्या काळातली कामं. शेवटच्या कायद्याने शहर आणि खेडं एकाच नियमाखाली आलं.

१८५३ मध्ये पोपने देशात कॅथलिक बिशप पुन्हा नेमायचं ठरवलं. नव्या घटनेत धर्मसंस्थांना ती मोकळीक होती. प्रोटेस्टंट समाज खवळला, राजाकडे अर्ज गेले आणि राजाने अर्जदारांविषयी सहानुभूती दाखवली. मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. स्वतः प्रोटेस्टंट असलेल्या माणसाने अल्पसंख्याकांच्या हक्कासाठी सत्ता सोडली, हे मला फार मोठं वाटतं.

१८६२ ते १८६६ या दुसऱ्या खेपेत १८६३ चा माध्यमिक शिक्षण कायदा झाला. लॅटिन-ग्रीकऐवजी गणित, विज्ञान आणि आधुनिक भाषा शिकवणारी शाळा त्यातून उभी राहिली. पुढे नोबेल मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ लोरेंत्झ अशाच शाळेतून आले. त्याच वर्षी ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅम यांना समुद्राशी जोडणाऱ्या जलमार्गांचा कायदाही झाला.

तिसऱ्यांदा ते १८७१ मध्ये सत्तेवर आले. त्याच वर्षी आलेटा याकोब्स या तरुणीने विद्यापीठात शिकू द्यावं म्हणून त्यांना पत्र लिहिलं. त्यांनी तिला वर्षभरासाठी तात्पुरती परवानगी दिली. मे १८७२ अखेरीस ती कायम झाली आणि ४ जून रोजी मंत्रिपदावर असतानाच थोरबेके वारले. याकोब्स डॉक्टर झाल्या. १८८३ मध्ये त्यांनी मतदार यादीत नाव घालण्याची मागणी केली. घटनेत स्त्रियांना मनाई नाही, हा त्यांचा मुद्दा होता. तो मान्य झाला नाहीच, उलट १८८७ च्या दुरुस्तीत मतदार पुरुषच असावा असं स्पष्ट लिहिलं गेलं. डच स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळायला १९१९ साल उजाडलं.