दक्षिण थायलंडमधील इस्लामी शाळेत प्रवेश: पात्रता आणि कागदपत्रं

पत्तानी, याला, नराथिवात आणि सोंगख्लाच्या काही तालुक्यांतल्या मलय मुस्लिम मुलांना धार्मिक शिक्षणाच्या तीन वाटा आहेत. कोणती धरायची हे आधी ठरवा, कागद त्यानुसार लागतात.

ताडिका ही लहान मुलांची धार्मिक शाळा, मशिदीला जोडून, बहुतेक शनिवार-रविवारी भरते. मूल एरवी सरकारी प्राथमिक शाळेत जातं. इथे कुराण, मलय आणि जावी लिपी (अरबी अक्षरांत मलय लिहिण्याची) शिकतं. पोंडोक ही निवासी धार्मिक शाळा. तिथे बाबोंच्या, म्हणजे गुरुजींच्या, घराभोवतीच्या झोपड्यांत राहून किताब, म्हणजे धर्मग्रंथ, वाचायचे. पारंपरिक पोंडोकात इयत्ता नाहीत, वयाची अटही नाही, पण सरकारमान्य शालेय दाखलाही नाही. मुलाला पुढे विद्यापीठात जायचं असेल, तर तिसरी वाट सोयीची: दीन (इस्लामचं धर्मशिक्षण) आणि सरकारी अभ्यासक्रम दोन्ही शिकवणारी खासगी इस्लामी शाळा.

या शाळेत माध्यमिकच्या पहिल्या वर्गासाठी सहावी पास असावं लागतं. सोबत जन्मदाखला, आईवडिलांची ओळखपत्रं, फोटो, सहावीचं गुणपत्रक 'पो. पो. 1' आणि मुलाचं व पालकांचं 'ताबियन बान' न्या. हे निळ्या पुठ्ठ्याचं घर-नोंदवहीचं पुस्तक. दिसायला आपल्या रेशनकार्डाच्या जातीचं, धान्य मात्र मिळत नाही. गुणपत्रक हातात आलं नसेल तर जुन्या शाळेकडून 'पो. पो. 7' हे तात्पुरतं प्रमाणपत्र घ्या. प्रत्येक झेरॉक्सवर 'सामनाओ थूक तोंग' (खरी प्रत) असं थाईत लिहून ज्याचा कागद त्यानेच सही करायची. वडिलांच्या ओळखपत्रावर आईची सही चालत नाही.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. 'मुहम्मद' थाई लिपीत अनेक तऱ्हांनी लिहितात. जन्मदाखल्यावर एक, गुणपत्रकावर दुसरं. चूक जिथे झाली तिथेच दुरुस्त होते: नोंदवहीत असेल तर अंफोच्या, म्हणजे तालुक्याच्या, कचेरीत, गुणपत्रकात असेल तर जुन्या शाळेत. शैक्षणिक वर्ष मेच्या मध्यात सुरू होतं, त्याआधी हे उरका. तारखा बौद्ध सनात लिहा: 2014 म्हणजे 2557. इस्लामी शाळेच्या अर्जावरही बौद्ध सनच.

सरकारी अनुदान विद्यार्थ्यामागे मिळतं आणि नोंद 13 आकडी ओळख क्रमांकावर होते. म्हणून जुन्या शाळेतून नाव कमी झालं नसेल तर नव्या शाळेत अडतं. ताडिकेचा प्रश्न येत नाही, ती शालेय नोंदीबाहेर आहे.

या खासगी इस्लामी शाळेत धार्मिक पायऱ्या तीन, खालून वर: इब्तिदाई, मुतवस्सित, सानवी. मुलाला कुराण कितपत वाचता येतं ते बघून सहसा पायरी ठरते, त्यामुळे माध्यमिकातलं मूल धार्मिक विषयांत इब्तिदाईला बसू शकतं. शाळा सोडताना सरकारी अभ्यासक्रमाचं आणि धार्मिक विषयांचं, अशी दोन्ही गुणपत्रकं मागून घ्या. सानवीचं वेगळं असतं, आणि परदेशात इस्लामी शिक्षणासाठी जायचं तर तेच विचारतात.