कोको की हॉट चॉकलेट? कपातला दाटपणा येतो कुठून

‘हॉट चॉकलेट’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळी पेयं खपतात. एका पाककृतीत कोको पावडर सांगितलेली असते, दुसरीत डार्क चॉकलेट चिरून घालायचं असतं, आणि दोन्हींच्या फोटोत तोच तपकिरी कप, तोच फेस. पावडर घालून केलेलं पेय मग कॅफेतल्यासारखं दाट झालं नाही की आपलं काहीतरी चुकलं असं वाटतं. बहुतेकदा काही चुकलेलं नसतं. कॅफेतलं पेय चॉकलेटचं होतं, घरचं कोकोचं.

पावडर दुधात शिजवून होतो तो कोको. चॉकलेट दुधात वितळवून होतं ते हॉट चॉकलेट. बोलताना दोन्हींना काहीही म्हणा, माझी हरकत नाही. पण गॅसपाशी उभं राहिल्यावर दोघांशी वागायची रीत अगदी उलटी आहे, आणि तिथे गल्लत झाली की दूध आणि चॉकलेट दोन्ही वाया जातं.

हा फरक कुठून आला ते आधी पाहू. कोकोच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून, टरफल काढून वाटल्या की दाट काळपट लगदा होतो. त्यात निम्मी किंवा त्याहून किंचित जास्त चरबी असते. तिलाच कोको बटर म्हणतात. युरोपात दोनेकशे वर्षांपूर्वीपर्यंत हा सगळा लगदाच पाण्यात किंवा दुधात घोळवून पीत, आणि वर तुपकट तवंग यायचा. 1828 मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्हान हाउटेन कुटुंबाने हा लगदा दाबून चरबी वेगळी काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. चरबी निघून गेल्यावर जी पेंड उरली, ती दळून झाली कोको पावडर. निघालेल्या कोको बटरचं काय करायचं, याचं उत्तर ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने 1847 मध्ये दिलं. कोको आणि साखरेत जास्तीचं कोको बटर मिसळून त्यांनी खायच्या चॉकलेटची वडी पाडली. म्हणजे पावडर आणि वडी एकाच बीपासूनची, फक्त एकीतून लोणी काढून घेतलेलं, दुसरीत वरून घातलेलं.

कपात नेमका हाच फरक उतरतो, आणि तो आकड्यांत मांडला की बरेच गैरसमज फिटतात. बाजारातल्या बहुतेक कोको पावडरींत 10 ते 12 टक्के फॅट असतं, काही महागड्या पावडरींत 20 ते 24 टक्के. साधी पावडर 10 ग्रॅम घेतली, म्हणजे साधारण दोन सपाट पोह्याचे चमचे, तर त्यात एखाद ग्रॅम फॅट आणि जवळपास 9 ग्रॅम कोरडा कोको येतो. आता 55 टक्के कोको (म्हणजे कोरडा कोको आणि कोको बटर मिळून) असलेलं डार्क चॉकलेट 45 ग्रॅम घ्या. त्यात कोरडा कोको तितकाच, 9 ग्रॅमच्या आसपास. बाकी पंधराएक ग्रॅम कोको बटर आणि वीसेक ग्रॅम साखर. चॉकलेटची चव देणारा भाग दोन्ही कपांत सारखाच आहे! महागाची वडी घातली म्हणून चव चौपट होत नाही. पैसे जातात ते मुख्यतः त्या पंधरा ग्रॅम लोण्याचे, आणि जिभेवर रेंगाळणारा मखमली दाटपणाही तेच देतं. कोको बटर साधारण 34 ते 36 अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या तोंडातल्या उबेच्या आसपास. दुसरी कुठलीही चरबी पेयात घातली तरी हे नेमकं साधत नाही.

म्हणून कोको हलका आणि हॉट चॉकलेट श्रीमंत, असं म्हणून मोकळं होता येईल. पण आपल्याकडे मध्ये दूध येतं. परदेशी पाककृतींतलं ‘होल मिल्क’ साडेतीन टक्क्यांच्या आसपासचं असतं. आपल्याकडच्या फुल क्रीमच्या पिशवीत किमान 6 टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये 3, डबल टोन्डमध्ये दीड. डेअरीतून आणलेलं म्हशीचं दूध तर कित्येकदा सहाच्याही पुढे. पाव लिटर फुल क्रीम दुधातून पंधरा ग्रॅम फॅट एकट्या दुधातूनच येतं, म्हणजे चॉकलेटच्या वडीतून येणार होतं जवळजवळ तेवढंच. ते फॅट दुधाचं, कोको बटरचं नव्हे, त्यामुळे तोंडात वेगळं लागतं. तरी भरीवपणा येतो.

माझ्या मते घरी काय करायचं हे इथेच ठरतं. म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध असेल तर कोको करा, तो उत्तम होतो. टोन्ड किंवा गाईचं दूध असेल तर चॉकलेट वितळवा, दुधातली उणीव ते भरून काढतं. डबल टोन्ड दुधात नुसता कोको घातला की तपकिरी पाणी होतं, त्याला कुणी काही करू शकत नाही. आणि फुल क्रीम दुधात भरपूर चॉकलेट, शिवाय वर क्रीम, हा प्रकार मला अर्ध्या कपापुढे जात नाही. तो छोट्या कपात, चमच्याने खायचा पदार्थ आहे.

आता करायची रीत. कोकोची अडचण अशी की तो विरघळत नाही. त्याचे कण दुधात तरंगत राहतात आणि कप ठेवून दिला की तळाशी बसतात. शिवाय प्रत्येक कणाला चरबीचा लेप असतो, त्यामुळे थंड दुधात थेट टाकलेली पावडर ओली न होता गुठळ्या करून वर फिरत बसते. त्यावर उपाय म्हणजे कोको, साखर आणि चिमूटभर मीठ आधी कोरडंच कालवायचं. साखरेच्या दाण्यांमुळे कोकोचे कण सुटे होतात. मग तीन-चार चमचे कडकडीत दूध घालून चकचकीत पेस्ट होईपर्यंत घोटायचं आणि उरलेलं दूध थोडं थोडं करत ओतायचं. पाव लिटर दुधाला दोन पोह्याचे चमचे कोको, दीड ते दोन चमचे साखर. दाट हवं असेल तर चहाचा अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून त्यात घाला. यानंतर मंद आचेवर ढवळत दोन-तीन मिनिटं चांगली उकळी येऊ द्यायची. कॉर्नफ्लोअरचा कच्चेपणा उकळीशिवाय जात नाही आणि दाटपणाही पुरता येत नाही. कोकोत स्वतःचाही थोडा स्टार्च असतो, तोही उकळीनेच फुलतो. कोकोला उकळी हवीच. ‘गरम दुधात दोन चमचे टाकून ढवळा’ ही रीत घाईची आहे, चवीची नाही.

हॉट चॉकलेटच्या बाबतीत हीच उकळी घात करते. चॉकलेट खालून चटकन लागतं, आणि जास्त तापलं की तूप सुटून वर तवंग धरतं. म्हणून 200 मिलिलिटर दूध कडेने बुडबुडे येऊन वाफ सुटेपर्यंतच तापवायचं आणि गॅस बंद करायचा. 45 ते 50 ग्रॅम चॉकलेट सुरीने बारीक चिरून वाडग्यात घ्यायचं, त्यावर तिसरा हिस्सा दूध ओतून मिनिटभर हात लावायचा नाही. मग मधून कडेकडे ढवळत चकचकीत, एकजीव झालं की बाकीचं दूध घालायचं. साखर बहुधा लागत नाही, ती चॉकलेटमध्येच असते. 70 टक्क्यांचं चॉकलेट घेतलं तर मात्र चमचाभर लागेल.

वितळत्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब किंवा वाफेचं पाणी पडलं, तर ते अचानक आवळून खरबरीत गोळा होतं. त्यातली साखर ओली होऊन कण एकमेकांना चिकटतात. अशा वेळी लोक ते फेकून देतात किंवा पुन्हा तापवत बसतात. दोन्हींची गरज नाही. गरम दूध आणखी घालून जोरात ढवळलं की गोळा सुटतो. थोड्या पाण्याने बिघडलेलं पुष्कळ दुधाने सुधारतं. आपल्याला पेयच करायचं असल्याने नुकसानही काही नाही.

दोन्हींना शेवटी रवी फिरवा. मेक्सिकोत, जिथे चॉकलेट पिण्याची रीत फार जुनी आहे, तिथे मोलिनीयो नावाची लाकडी घुसळणी असते, तीही दोन तळव्यांत धरून अशीच फिरवतात. फेसामुळे पेय दाट वाटतं, आणि चॉकलेटच्या पेयात चरबी बारीक फुटून दुधात मिसळून राहते. मिक्सरनेही होतं, पण झाकण घट्ट असताना गरम दूध फिरवू नका, वाफेने उडतं.

आता मध्ये घुसणाऱ्या तोतयांबद्दल. पहिला म्हणजे ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा. पाकिटावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि या डब्यांवर बहुधा पहिलं नाव साखरेचंच असतं. तो कोकोच आहे, पण साखरेत पातळ केलेला. कोको पावडरच्या जागी तो मोजून घातला तर पेय गोड आणि फिकं होतं, आणि मग चव यावी म्हणून आणखी दोन चमचे घातले की गिळगिळीत गोड. मुलांना तो आवडतो, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्यात वरून साखर घालू नका. माल्ट घातलेल्या पावडरी हा आणखी वेगळाच प्रकार. त्यांची चव भाजलेल्या बार्लीची असते, त्या चांगल्या लागतात, पण त्यांना हॉट चॉकलेट म्हणणं जरा जास्त होतं.

दुसरा तोतया जास्त फसवा, कारण तो वडीच्या रूपात येतो. केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत ‘डार्क’ लिहिलेला स्वस्त मोठा स्लॅब मिळतो, तो बऱ्याचदा कंपाउंड असतो. त्यात कोको बटरच्या जागी वनस्पती चरबी घातलेली असते. केकवर ओतायला, साच्यात घालायला तो सोयीचा आहे. दुधात मात्र त्याचा टाळूला मेणचट थर बसतो, आणि पेय निवायला लागलं की तो जास्तच जाणवतो. यादीत कोको बटर आहे की हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट, एवढं वाचलं तरी पुरे. चोको चिप्सही टाळा. भट्टीत आकार टिकावा म्हणून त्या केलेल्या असतात, दुधात कुरकुरत वितळतात.

मिल्क चॉकलेटचं काय, हा प्रश्न येतोच, कारण घरात पडलेलं असतं ते तेच. त्यात कोको इतका कमी असतो की पन्नास ग्रॅम घालूनही दूध फक्त गोड होतं. त्याला पोह्याचा एक चमचा कोको पावडरची जोड द्या, मग जमतं. खरं तर ही जोडी मला सगळ्यातच आवडते: पाव लिटर फुल क्रीम दूध, एक चमचा कोको उकळून, गॅस बंद केल्यावर वीस-पंचवीस ग्रॅम डार्क चॉकलेट. कोकोचा कडक वास आणि चॉकलेटचं लोणी, दोन्ही मिळतं. 2024 मध्ये पश्चिम आफ्रिकेतली पिकं बिघडून कोकोचा भाव टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला होता. तेव्हापासून वडीची किंमत बघता, अर्ध्या वडीत भागतं हेही काही कमी नाही.

कॉर्नफ्लोअर म्हणजे लबाडी, असं काहीजण मानतात. स्पेनमध्ये असं कुणी म्हणणार नाही. तिथे चुरोसबरोबर, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्यांबरोबर, जे दाट चॉकलेट मिळतं, त्यासाठीच्या वडीतच पीठ किंवा स्टार्च घातलेला असतो आणि युरोपीय नियमांत त्याची मर्यादाही ठरलेली आहे: साध्या प्रकाराला 8 टक्के, ‘फामिल्यार’ म्हणवणाऱ्या प्रकाराला 18. माद्रिदचं सान हिनेस हे दुकान 1894 पासून हेच विकतंय. पॅरिसच्या रिव्होली रस्त्यावरचं आंजेलिना हे चहाघर 1903 चं. तिथलं हॉट चॉकलेटही तितकंच दाट, आणि फेटलेलं क्रीम वेगळ्या वाटीत येतं. तेव्हा दाट म्हणजे अस्सल आणि पातळ म्हणजे नक्कल, असा काही नियम नाही.

वरून घालायच्या गोष्टींत फार रमू नये. मीठ दोन्हींत हवंच. दालचिनी कोकोला जास्त शोभते, दुधाबरोबर उकळली की तिचा वास उतरतो. चिमूटभर कॉफी डार्क चॉकलेटला खुलवते. वेलची मला दोन्हींत खटकते, ती बासुंदीत बरी. गूळ घालायचा तर कोकोत, गॅस बंद करून, दूध किंचित निवल्यावर, नाहीतर फाटायची भीती. गोवा-कोकणातल्या स्वयंपाकघरात नारळाचं दूध हाताशी असतं. ते वापरायचं तर कोको आधी पाण्यात उकळून घ्या आणि नारळाचं दाट दूध शेवटी घालून नुसतं गरम करा, कारण तेही उकळीने फुटतं.

उरलं तर? चॉकलेटचं पेय फ्रिजमध्ये आवळून चमच्याने खाण्याइतकं घट्ट होऊ शकतं. थोडं गरम दूध घालून ढवळलं की पुन्हा पिण्याजोगं होतं. कोको तळाशी बसतो, हलवून घेतला की झालं. कॉर्नफ्लोअर घालून उकळलेला कोको तर गार पिण्यासाठीच केल्यासारखा लागतो. सुरतेत तो ‘कोल्ड कोको’ म्हणून ग्लासातून विकला जातो आणि तिथल्या मराठी घरांनाही त्याची चांगलीच सवय आहे. गार करायचा असेल तर साखर अर्धा चमचा जास्त घाला, थंड पेयात गोडवा कमी लागतो. आणि निवताना मधून मधून ढवळत राहा, नाहीतर वर साय धरते आणि मग गाळत बसावं लागतं.